कॅबिनेटमधली टकटक आणि घरातले मिणमिणते दिवे

तुमची तक्रार थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. महिनाभरापासून तुमच्या डेस्कटॉपमधून तीन आवाज येतायत. गेम सुरू केला की बारीक शिट्टी, मधूनच एखादी ‘टक्’ आणि स्पीकरमधून कायमची घूं. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की खोलीतले दिवे मिणमिणतात, आणि त्यातल्या काही वेळा संगणक आपोआप रीस्टार्ट होतो. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या आल्यासारखं होतं. दुरुस्तीवाल्यानं आधी एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा आतला डबा) बदलला, त्यानं फरक पडला नाही, आणि आता तो हार्ड डिस्क बदलायला सांगतोय. बदलू का, असं तुम्ही विचारलंय.

नका बदलू, निदान आज तरी नको. रोग रेड्याला आणि औषध पखालीला असा हा प्रकार वाटतोय. गेली अनेक वर्षं मी संगणक उघडतोय, आणि दिवे मिणमिणणं, मुंग्या आणि रीस्टार्ट एकाच घरात दिसले की मी कॅबिनेटला हात लावायच्या आधी भिंतीतल्या सॉकेटकडे जातो. शिट्टीचा या सगळ्याशी काही संबंध नाही. टकटकीचा बहुधा आहे, पण डिस्क आजारी असल्यामुळे नव्हे.

पण आधी बॅकअप. माझा अंदाज चुकला तर जाईल तो तुमचा डेटा, माझा नाही. बाहेरची एक डिस्क जोडा आणि पुन्हा मिळणार नाहीत अशा गोष्टी पहिल्यांदा उचला: फोटो, कागदपत्रं, हिशोब. सिनेमे आणि गेम मागाहून. कॉपी चालू असेपर्यंत फ्रिजचं बटण बंद ठेवा, तेवढ्यानं आतलं काही बिघडत नाही. आणि या घटकेला डिस्क तपासणारं किंवा ‘दुरुस्त’ करणारं कुठलंही सॉफ्टवेअर चालवू नका. डिस्क खरोखर मरायला टेकली असेल तर अशा तासन्‌तास चालणाऱ्या चाचणीतच ती जीव सोडते.

आता ती ‘टक्’. हार्ड डिस्कच्या आत तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेत असते आणि तिच्यावर तरंगत डेटा वाचणारं हेड फिरतं. हेडला आपण कुठल्या ट्रॅकवर आहोत हे तबकडीवरच्या खुणा वाचून कळतं. खुणा वाचता आल्या नाहीत की हेड सुरुवातीच्या जागी परत जातं, पुन्हा निघतं, पुन्हा परत. मरणाऱ्या डिस्कचा आवाज म्हणूनच ठेक्यात येतो: टक्, टक्, टक्, थोडी शांतता, पुन्हा टक्, टक्, टक्. त्या वेळी संगणकही गोठतो, माउस अडकतो, फाइल उघडत नाही. हा आवाज ज्यानं एकदा ऐकला तो विसरत नाही.

दुसरी ‘टक्’ वेगळी असते. ती एकच येते आणि तिच्यामागून मोटर पुन्हा वेग घेतानाचा ‘ऊंऽऽ’ असा चढता सूर ऐकू येतो. म्हणजे डिस्कचा वीजपुरवठा क्षणभर गेला, तिनं घाईघाईनं हेड पार्क केलं, म्हणजे सुरक्षित जागी नेऊन ठेवलं, आणि पुन्हा फिरायला लागली. ही टक् डिस्कची तक्रार आहे हे खरं, पण ती स्वतःबद्दलची नाही.

तुमची टक् यातली कुठली, हे कान लावून ओळखण्यापेक्षा डिस्कलाच विचारलेलं बरं. प्रत्येक डिस्क स्वतःची एक नोंदवही ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात, आणि बॅकअप झाल्यावर ती नुसती वाचून दाखवणारी फुकट सॉफ्टवेअरं भरपूर आहेत. त्या तक्त्यात ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या ओळी बघा, आणि प्रत्येकीचा कच्चा आकडा वाचा. कधीकधी तो सोळाच्या पटीतल्या पद्धतीनं दाखवतात, तेव्हा आधी दशमानात बदलून घ्या. ५ म्हणजे बदलून टाकलेले खराब सेक्टर (तबकडीवरचे डेटाचे कप्पे), १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे टांगणीला लागलेले, १९८ म्हणजे हाती न लागलेले. तिन्ही शून्य असतील तर तबकडी बहुधा धडधाकट आहे. १९७ दर दिवशी वाढत असेल तर दुरुस्तीवाला बरोबर आणि मी चूक, डिस्क बदला. १९९ वाढत असेल तर डिस्क नाही, डेटाची केबल बदला.

मला जास्त रस आहे तो १९२ मध्ये. वीज अचानक गेल्यामुळे हेड किती वेळा पार्क करावं लागलं याची ती मोजदाद असते. काही कंपन्यांच्या डिस्क नेहमीच्या शटडाउनलाही हा आकडा वाढवतात, म्हणून तो एकटा वाचू नका, १२ क्रमांकाच्या ओळीशेजारी ठेवून वाचा. १२ म्हणजे डिस्कला एकूण किती वेळा वीज मिळाली. तुम्ही संगणक दिवसातून एकदाच सुरू करता आणि आठवड्यात हे दोन्ही आकडे सातच्या ऐवजी तिसांनी वाढले, तर चोर सापडला. आजचे दोन्ही आकडे तारखेसकट एका कागदावर लिहून कॅबिनेटला चिकटवा. पुढे कामाला येतील.

विंडोज वापरत असाल तर आणखी एक साक्षीदार आहे. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये कर्नल-पॉवर ४१ ही नोंद शोधा. ती उघडून तपशिलात बगचेककोड शून्य दिसला तर विंडोजला निळा पडदा दाखवायलाही सवड मिळालेली नाही, म्हणजे बहुतेक वेळा खालून वीजच गेलेली असते. शून्याऐवजी दुसरा आकडा असेल तर रॅम किंवा ड्रायव्हरचा संशय घ्या. या नोंदींच्या वेळा आणि फ्रिज सुरू होण्याच्या वेळा जुळतात का, एवढंही दोन दिवस पाहिलंत तरी पुष्कळ.

आता इथे एक गोष्ट बारकाईनं बघू, कारण नवा एसएमपीएस बसवूनही रीस्टार्ट का थांबले नाहीत याचं उत्तर तिच्यात आहे. एसएमपीएसच्या आत एक मोठा कपॅसिटर असतो. वीज गेल्यावर त्यात साठलेल्या ऊर्जेवर संगणक काही क्षण चालतो. चांगल्या एसएमपीएसकडून ही सवलत साधारण १६ मिलिसेकंदांची अपेक्षित असते. ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, म्हणजे एक अख्खं आवर्तनसुद्धा नाही. कपॅसिटर जुना झाला की ही सवलत आणखी घटते, आणि म्हणून जुना एसएमपीएस बदलणं हा दुरुस्तीवाल्याचा पहिला विचार वेडेपणाचा नव्हता.

पण तुमच्या नव्या एसएमपीएसच्या लेबलवर ‘इनपुट’ या शब्दापुढे काय छापलंय ते वाचा. १००–२४० व्होल्ट असेल तर दिवे मिणमिणण्यानं त्याला काही व्हायला नको. २३० चे १८० झाले तरी त्याला पत्ता लागत नाही. असा एसएमपीएस असूनही संगणक बंद पडत असेल तर दाब नुसता उतरत नाहीये, वीज क्षणभर चक्क तुटतेय. आणि वीज तुटते ती सैल जोडात. लेबलवर २००–२४० असेल किंवा मागे ११५/२३० असं सरकतं बटण असेल, तर मात्र साध्या उतारानंही तो कोलमडू शकतो. (ते बटण कुतूहल म्हणूनही हलवू नका. २३० च्या घरात ते ११५ वर नेलं तर फटाका वाजतो.)

फ्रिजची मोटर सुरू होताना अर्धा-पाऊण सेकंद नेहमीच्या पाच ते सातपट करंट ओढते, त्यामुळे दिवे किंचित दबणं हा गुन्हा नाही. प्रश्न किती दबतात याचा आहे, आणि ते मोजता येतं. त्यासाठी सॉकेटमध्ये खोचायचं, आकडा दाखवणारं व्होल्टमीटर मिळतं ते आणा. यूपीएसच्या पडद्यावर इनपुट व्होल्टेज दिसत असेल तरी चालेल. मल्टिमीटरच्या उघड्या सुया चालू सॉकेटमध्ये घालायची सवय नसेल तर ती सवय या निमित्तानं लावून घेऊ नका.

मीटर संगणकाच्या सॉकेटला लावा. त्याच सर्किटवर, पण तो भार झेपेल अशा सॉकेटला, २००० वॅटची इलेक्ट्रिक किटली पाणी भरून जोडा. किटली का, तर तिचा करंट स्थिर असतो, मोटरसारखा क्षणात येऊन जात नाही, त्यामुळे आकडा निवांत वाचता येतो. समजा किटली बंद असताना २३२ आणि चालू केल्यावर २२६. सहा व्होल्ट पडले, ठीक आहे, तारा लांब आहेत एवढंच. पण २३२ चे २१४ झाले तर थांबून विचार करायला हवा. १८ व्होल्ट कुठेतरी वाटेत खर्च झाले. किटली ८ अँपिअर घेतेय, म्हणजे अठरा गुणिले आठ, १४४ वॅट उष्णता तारांमध्ये आणि जोडांमध्ये निघतेय. लांबलचक तारेवर ती पसरली तर वाया जाण्यापलीकडे नुकसान नाही. एकाच सैल स्क्रूखाली एकवटली तर? साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते आणि तिनं कथील वितळतं. (आकडे २३० व्होल्टचा पुरवठा धरून दिलेत. १२० व्होल्ट असेल तिथे दाबाचे आकडे निम्मे समजा आणि तिथलीच किटली घ्या.)

मग मीटर तिथेच ठेवून किटली दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या सर्किटवर नेऊन पुन्हा तेच करा. तिथे किटली लावून संगणकाच्या सॉकेटचा आकडा हलला नाही तर दोष संगणकाच्याच सर्किटमध्ये आहे: एखादा स्विचबोर्ड, मधला जोड, नाहीतर एमसीबीखालचा (जास्त करंटला आपोआप पडणाऱ्या स्विचखालचा) स्क्रू. कुठूनही किटली लावली तरी आकडा तितकाच कोसळत असेल तर दोष मुख्य बोर्डात, विजेच्या मीटरपाशी किंवा बाहेरून येणाऱ्या तारेत. ही विभागणी तुम्ही आधीच करून ठेवलीत तर इलेक्ट्रिशियनचा अर्धा दिवस वाचतो. किटली दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त चालवू नका. सॉकेटमधून चरचर ऐकू आली, प्लेट कोमट लागली किंवा मासळीसारखा, जळक्या प्लॅस्टिकचा वास आला तर मोजमाप तिथेच सोडून एमसीबी पाडा.

एक लक्षण मात्र असं आहे की ते दिसल्यावर मोजमाप करत बसायचंच नाही. मोठा भार लावल्यावर काही दिवे मंदावतात आणि त्याच वेळी दुसरे काही दिवे नेहमीपेक्षा प्रखर होतात, असं दिसलं तर तडक मेन स्विच बंद करा आणि वीज कंपनीला फोन करा. न्यूट्रल, म्हणजे वीज परत जाण्याची तार, सुटतोय त्याची ही खूण. तीन फेजच्या पुरवठ्यात न्यूट्रल सगळ्यांना समतोल धरून असतो. तो तुटला की ज्या फेजवर भार कमी, तिथला दाब २३० वरून ४०० च्या दिशेनं चढायला लागतो. तुमच्या घरात एकच फेज येत असली तरी बाहेरच्या केबलमधला न्यूट्रल शेजाऱ्यांबरोबर सामायिक असतो, त्यामुळे त्यांच्या घरातल्या भाराची किंमत तुमचा टीव्ही मोजतो.

मी स्वतः यात एकदा तोंडघशी पडलोय. एका घरातला संगणक दर आठवड्याला बंद पडायचा. मी एसएमपीएस बदलला, मग रॅम, मग मदरबोर्डवर ठपका ठेवला. तिसऱ्या खेपेला कॅबिनेट उघडून बसलो असताना शेजारच्या खोलीत कुणीतरी इस्त्री लावली आणि माझ्या डोक्यावरचा बल्ब उजळला. मंदावला नाही, उजळला. मुख्य बोर्ड उघडला तर न्यूट्रलच्या पट्टीवरचा एक स्क्रू बोटानं फिरत होता आणि त्याखालच्या तारेचं आवरण काळं पडून ठिसूळ झालं होतं. तेव्हापासून मी पिशवीत स्क्रूड्रायव्हरच्या आधी खोचायचं व्होल्टमीटर ठेवतो.

मुंग्यांकडे वळू. एसएमपीएसच्या तोंडाशी गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून पत्र्यापर्यंत आणि एक न्यूट्रलपासून पत्र्यापर्यंत. अर्थिंग असेल तर त्यांच्यातून झिरपणारा किंचित करंट निमूटपणे जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पत्रा दोघांच्या मध्ये लटकतो, म्हणजे जवळपास ११५ व्होल्टवर, आणि तुम्ही अनवाणी पायानं हात लावला की तो करंट तुमच्यातून वाट काढतो. तो सहसा एक मिलिअँपिअरच्या आसपास किंवा खालीच असतो, म्हणून झटका न बसता मुंग्या येतात. पण त्याचा अर्थ ‘चालतंय की’ असा नाही. तुमच्या सॉकेटची अर्थ पिन कुठेच पोचत नाही, असा त्याचा अर्थ आहे. उद्या आत खरोखर फेजची तार पत्र्याला टेकली तर मधे अडवायला कुणी नाही. शिवाय स्पाइक बस्टर अर्थिंगशिवाय अर्धं काम करतो.

साध्या टेस्टरच्या दिव्यावर इथे विसंबू नका. तो इतक्या नगण्य करंटवर पेटतो की निरुपद्रवी गळती आणि जीवघेणा दोष त्याला सारखेच दिसतात. आणि नुसत्या मल्टिमीटरनं ‘फेज ते अर्थ २२०’ दाखवलं म्हणूनही समाधान मानू नका. एका केसाएवढ्या धाग्यावर लटकलेली अर्थिंगसुद्धा भार नसताना हाच आकडा दाखवते. अर्थिंगच्या वाटेचा रोध योग्य यंत्रानं मोजायला सांगा. आणि बोर्डात आरसीसीबी (जमिनीकडे करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर ३० मिलिअँपिअरचा बसवून घ्या.

स्पीकरमधली घूं बहुधा याच घरची. अर्थिंग नीट झाल्यावर ती आपोआप जाईल, किंवा कमी होऊन उरेल. उरली तर संगणक, मॉनिटर आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या, आणि टीव्हीची अँटेना-केबल संगणकाला जोडलेली असेल तर ती काढून ऐका. वेगवेगळ्या ठिकाणी जमिनीला टेकलेली उपकरणं ऑडिओच्या वायरनं जोडली की त्या वायरीतून ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटी वाहतात, तीच ही घूं. त्यावर इंटरनेटवर एक हमखास तोडगा सांगतात, अर्थची पिन कापायचा. घूं जाते हे खरं. कधीकधी माणूसही. ऑडिओ आयसोलेटर मिळतो, तो लावा. माउस हलवला की स्पीकर कुरकुरत असेल तर ती वेगळी गोष्ट आहे, ग्राफिक्स कार्डाचा गोंगाट ऑडिओत शिरतोय. यूएसबीचं छोटं साउंड कार्ड वापरलं की बहुधा मिटतं.

जाता जाता एक गंमत. ज्यांच्या ॲम्प्लिफायरमध्ये मोठा गोल ट्रान्सफॉर्मर आहे त्यांनी तो अधूनमधून गुरगुरला तर घरात कुणी केस वाळवतंय का ते पाहावं. काही हेअर ड्रायर कमी उष्णतेवर एका डायोडनं अर्धी लाट कापतात, त्यानं विजेत डीसीचा अंश मिसळतो आणि गोल ट्रान्सफॉर्मरला तो अजिबात सोसत नाही.

शिट्टीबद्दल फार लिहीत नाही. ग्राफिक्स कार्डावरच्या कॉइलींमधून करंट सेकंदाला हजारो वेळा कमीजास्त होतो, तारेचे वेढे थरथरतात आणि थरथर कानाच्या पट्ट्यात आली की ऐकू येते. खात्री करायची तर गेमच्या सुरुवातीच्या मेनूवर थांबा. तिथे चित्र साधं असल्यामुळे कार्ड सेकंदाला शेकडो फ्रेम ओकत असतं आणि शिट्टी सगळ्यात तीव्र असते. फ्रेमची मर्यादा ६० वर आणली आणि सूर खाली आला किंवा गेला, की निदान पक्कं. यानं काहीही बिघडत नाही, कार्ड वर्षानुवर्षं चालतं. पंख्याच्या आवाजाशी गल्लत मात्र करू नका. पंखा घरघरतो किंवा खरखरतो, आणि वेगाबरोबर हळूहळू चढतो. पंखे साफ करताना व्हॅक्युमच्या झोतानं ते भिंगरीसारखे फिरवायचे नाहीत, पातं बोटानं धरून ठेवायचं.

यूपीएस घ्यावा का, हेही तुम्ही विचारलंय. घ्या, पण वायरिंग दुरुस्त झाल्यावर. सैल न्यूट्रलच्या घरात यूपीएस म्हणजे मोडलेल्या पायाला पैंजण. त्याचा रिले दिवसभर कट्-कट् करत राहील, बॅटरी सारखी चढउतार करून लवकर खलास होईल, आणि भिंतीतला जोड आपला जळतच राहील. घेताना शुद्ध साइन वेव्हचा बघा, काही एसएमपीएस पायऱ्यापायऱ्यांच्या लाटेवर अडखळतात. लेझर प्रिंटर त्याच्यावर जोडू नका. त्याचा हीटर तापताना छोट्या यूपीएसला लोळवतो.

आता इलेक्ट्रिशियनला बोलावताना ‘कॉम्प्युटर बंद पडतो’ असं सांगू नका, तो म्हणेल कॉम्प्युटरवाल्याला बोलवा. ‘किटली लावली की या सॉकेटला इतके व्होल्ट पडतात, त्या खोलीत लावली तर पडत नाहीत, आणि पत्र्याला मुंग्या येतात’ असं सांगा. बोर्डाचे सगळे फेज-न्यूट्रल स्क्रू मेन बंद करून तपासायला लावा. काळी पडलेली तार नुसती आवळायची नाही, खराब भाग कापून नव्यानं जोडायची. तो जायच्या आधी किटली लावून पुन्हा आकडा घ्या, त्याच्या समोर.

मग कॅबिनेटवर चिकटवलेल्या कागदावर त्या दिवशीचे आकडे लिहा, आठवडाभर संगणक नेहमीसारखा वापरा आणि तो कागद काढा. १२ आणि १९२ तुम्ही सुरू केलं तेवढेच वाढले असतील आणि १९७ शून्यावर असेल, तर ती हार्ड डिस्क आहे तिथेच राहू द्या. शिट्टी राहीलच.